बेताच्या खर्चात सिडनी-कॅनबेरा, दोन लेकरांना घेऊन

आमची चिऊ मे महिन्याच्या अखेरीस दोन वर्षांची होणार होती. या एका तारखेवर आमची अख्खी सहल बेतली. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं विमानाचं तिकीट मोठ्यांच्या साधारण दहा टक्क्यांत निघतं. दुसरा वाढदिवस उलटला की पूर्ण सीट घ्यावी लागते, आणि परतीच्या दिवशीही बाळ दोनच्या आत असावं लागतं. म्हणून मेचा दुसरा आठवडा धरला. दादाला, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या थोरल्याला, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. ऑस्ट्रेलियात मात्र तेव्हा शरद संपत आलेला असतो आणि तिथल्या शाळा चालू असतात, त्यामुळे राहायच्या जागा डिसेंबर-जानेवारीच्या मानाने बऱ्याच स्वस्त मिळतात.

सुरुवातीला आमची यादी भली मोठी होती: मेलबर्न, गोल्ड कोस्टचे थीम पार्क, ग्रेट बॅरियर रीफ. हिशेब मांडायला बसलो तेव्हा दिसलं की पैसे खरे तीन गोष्टींत जातात. देशांतर्गत विमानं, माणशी तिकीट असलेल्या जागा आणि रोजचं बाहेरचं जेवण. या तिन्ही गोष्टी वगळल्या तर काय उरतं, ते शोधायला लागलो आणि उरलं ते इतकं होतं की दहा दिवस पुरले नाहीत. बागा, खेळाची मैदानं, फेरीबोटी, संग्रहालयं, किनारे. त्या देशाने आपल्या मुलांसाठी जे सार्वजनिक करून ठेवलंय, ते पाहुण्यांच्या मुलांनाही तितकंच मोकळं आहे. मग बेत सोपा झाला. पाच रात्री सिडनी, तीन रात्री कॅनबेरा, शेवटची रात्र पुन्हा सिडनी. मधलं अंतर बसने.

व्हिसासाठी प्रत्येकाची फी वेगळी भरावी लागते, कडेवरच्या बाळाचीही. आम्हाला माणशी दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलर्सच्या आसपास पडली. आम्ही गेलो तेव्हा डॉलर पंचावन्न-छप्पन रुपयांच्या घरात होता. ही रक्कम बजेटमध्ये आधीच धरा, बरेच जण ती विसरतात. प्रवास विमाही घ्याच, कारण तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्या पर्यटकांना लागू नाही.

पहिला दिवस, बुधवार: पेढे गेले, मेतकूट राहिलं

नाशिकहून मुंबई, मुंबईहून क्वालालंपूर, तिथून सिडनी. प्रवास ठीक झाला.

निघताना सासूबाईंनी पेढ्यांचा डबा दिला होता. नको म्हणवेना. मी आधी वाचलं होतं की ऑस्ट्रेलिया खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहे. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, तिथे तो रोग नाही, आणि तो शिरू नये म्हणून दुधाच्या पदार्थांवर त्यांची करडी नजर असते. विमानात जो कार्ड भरायला देतात त्यावर मी सगळं लिहून टाकलं: पेढे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, नाशिकचा चिवडा. तपासणीच्या टेबलावर एका मध्यमवयीन बाईंनी डबा उघडला, पेढा नीट निरखला आणि विचारलं, यात दूध आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी डबा बाजूला ठेवला. दंड नाही, चढा आवाज नाही. उलट लिहून दिल्याबद्दल आभार मानले. मेतकुटाची पुडी हातात धरून हे कसं खातात, असं विचारलं. मी म्हटलं, गरम मऊ भातावर, बाळांना देतो आम्ही. त्यांनी हसून पुडी परत दिली. लपवून आणलेलं सापडलं असतं तर भला मोठा दंड बसला असता. तेव्हा जे जे खाण्याचं असेल ते बिनधास्त लिहा. फार तर ती वस्तू जाते.

विमानतळाच्या रेल्वे स्टेशनवर भाड्याशिवाय वेगळं शुल्क लागतं, मोठ्या माणसामागे सतरा डॉलर्सच्या आसपास. ते वाचवायचं असेल तर विमानतळाबाहेरून ४२० नंबरची बस पकडून मॅस्कॉट स्टेशनला उतरा आणि तिथून ट्रेन घ्या. मॅस्कॉटला हे शुल्क नाही. आमच्याकडे दोनच बॅगा आणि एक घडीची बाबागाडी होती, म्हणून जमलं. चार बॅगा असतील तर हा खटाटोप करू नका. बस थांब्यावर आली आणि फुस्स आवाज करत एका बाजूला कलली, अगदी उंट गुडघे टेकतो तशी. बाबागाडी अलगद आत गेली. दादा तेवढ्यावरच खूश!

तिकिटाचं सांगायचं तर मोठ्यांनी आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. चार वर्षांखालची मुलं फुकट. पण चार ते पंधराच्या मुलासाठी ‘चाइल्ड ओपल’ कार्ड (ओपल म्हणजे तिथलं बस-ट्रेनचं कार्ड) वेगळं घ्यायला हवं, नाहीतर त्याचंही भाडं मोठ्यांचं कापलं जातं. ते विमानतळावरच्या दुकानात मिळालं. आणखी एक गोष्ट: शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते. लांबचे प्रवास या तीन दिवसांत टाका.

आम्ही राहिलो पॅरामॅट्टाला. शहराच्या पश्चिमेला, ट्रेनने अर्ध्या तासावर. लहानसं घर, स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचं मशीन. शेजारचं हॅरिस पार्क म्हणजे भारतीय दुकानांची गल्लीच. संध्याकाळी किराणा आणायला गेलो. आम्ही आपसात बोलत होतो, तेवढ्यात गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “ताई, पोहे जाड देऊ की पातळ?” अहिल्यानगरची होती, शिकायला आलेली, संध्याकाळी दुकानात काम करते. चिऊला कडेवर घेऊन तिने दुकानभर फिरवलं. तिचा भाचा एवढाच आहे म्हणाली, तो झाल्यापासून ती घरी गेलेली नाही. निघताना तिने चिऊच्या हातात गुळाचा खडा दिला.

दुसरा दिवस, गुरुवार: ओहोटी

घड्याळाचा फरक साडेचार तासांचा. सिडनीत सकाळचे दहा म्हणजे नाशिकला साडेपाच. मुलं त्यांच्या घरच्या वेळेला उठली आणि आम्ही निवांत पोळ्या लाटल्या. बटाट्याची भाजी, चटणी, दही. डबा भरून धक्क्यावर.

पॅरामॅट्टापासून सिडनीच्या बंदरापर्यंत नदीतून फेरीबोट जाते. बस-ट्रेनचंच कार्ड चालतं, वेगळं पर्यटकांचं तिकीट नाही. आम्ही धक्क्यावर पोचलो तर बोट नव्हती. ओहोटी लागली होती. इथे नदी इतकी उथळ आहे की पाणी उतरलं की बोट खालच्या रायडलमेअरच्या धक्क्यावरून सुटते आणि लोकांना बसने तिथे नेतात. कोकणातल्या तरीवर उभं राहून भरतीची वाट बघावी, तसं वाटलं. पुढे दोन्ही काठांना तिवरांची गर्द झाडी लागली. सिडनीत तिवरं असतील असं माझ्या मनातही नव्हतं! हळूहळू नदी रुंद झाली, घरं आली, शिडांच्या होड्या आल्या, आणि दीडेक तासाने बोट थेट हार्बर ब्रिजच्या पोटाखालून गेली. १९३२चा तो पूल. दादा मान मागे टाकून रिव्हेट मोजायला लागला आणि पूल संपेपर्यंत चाळीसपर्यंत पोचला. समोर ऑपेरा हाऊस.

लांबून ते पांढरंशुभ्र दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की ते पांढरं नाहीच. दोन रंगांच्या फरशा आहेत, एक चकचकीत दुधाळ आणि एक सायीच्या रंगाची, खडबडीत. दहा लाखांच्या वर फरशा. छत जिथे जमिनीलगत उतरतं तिथे दादाने हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, “आई, ही माशाची पाठ आहे.” योर्न उट्झन या डॅनिश वास्तुकाराने ही इमारत रचली. १९७३ साली ती खुली झाली. आतला मार्गदर्शित फेरफटका आम्ही घेतला नाही. पायऱ्यांवर तासभर बसलो, चिऊ त्या पायऱ्या चढत-उतरत राहिली. तिच्यासाठी त्या पायऱ्याच ऑपेरा हाऊस होत्या.

लागूनच बोटॅनिक गार्डन, प्रवेश मोफत. हिरवळीवर डबा उघडला. लांब वाकड्या चोचीचा आयबिस पक्षी मागून आला आणि चिऊच्या हातातली पोळी घेऊन गेला. ती रडली नाही. बोट दाखवून म्हणाली, “काऊ!” तिच्या लेखी पंख असलेलं सगळं काऊ.

मे महिन्यात सिडनीत पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दिवस लवकर आटोपतो, हे धरून बाहेर पडा.

तिसरा दिवस, शुक्रवार: पाऊस

सकाळपासून पाऊस लागला. पावसासाठी एक दिवस राखूनच ठेवला होता. ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये गेलो. १८२७ साली सुरू झालेलं हे त्या देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय, आणि सर्वसाधारण प्रवेशाला पैसे नाहीत. डायनासोरच्या दालनात दादा दीड तास होता. नवऱ्याने त्याच्यासोबत थांबायचं आणि मी चिऊला घेऊन हिंडायचं, असं आम्ही वाटून घेतलं. दोन लहान मुलं एकाच गोष्टीत रमत नाहीत. फुकटच्या जागेचा मोठा फायदा म्हणजे अर्ध्यातून बाहेर पडताना पैसे वाया गेल्याची रुखरुख लागत नाही.

दुपारी पाऊस ओसरल्यावर डार्लिंग हार्बरच्या खेळाच्या मैदानावर गेलो. वाळू, दोरीचे मनोरे, आणि पाण्याचा खेळ: मुलांनी चाकं फिरवायची, दारं उघडायची, पाट वळवायचे. दादाने आणि एका अनोळखी मुलाने मिळून धरण बांधलं. भाषा वेगळी होती, पण अडलं नाही. त्या मुलाची आई कोरियाची. तिने एक गोष्ट सांगितली ती पुढे रोज उपयोगी पडली. मोठ्या मॉलमध्ये ‘पॅरेंट्स रूम’ असते. बाळाचे कपडे बदलायला टेबलं, दूध पाजायला पडद्याचा आडोसा, आणि मायक्रोवेव्ह. घरून नेलेली खिचडी तिथे गरम करा आणि भरवा. तिनेच सांगितलं की वूलवर्थ्सच्या दुकानांत दाराशी टोपलीत फळं ठेवलेली असतात, मुलांना मोफत. चिऊने त्यानंतर एकही दुकान केळं घेतल्याशिवाय सोडलं नाही.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम असतं. बागांमध्ये बाटली भरायचे नळ आहेत.

चौथा दिवस, शनिवार: धुक्यातल्या तिघी

ब्लू माउंटन्सची ट्रेन पॅरामॅट्टालाच थांबते. कटूंबापर्यंत दीडेक तास, तेच ओपल कार्ड. शनिवारच्या मर्यादेमुळे जाऊन-येऊन दोघांना मिळून एका साध्या जेवणाच्या पैशांत झालं. पर्यटन कंपन्यांची हीच सहल माणशी शंभराच्या वर जाते.

कटूंबा साधारण हजार मीटरवर आहे. उतरलो तर हाडं गोठवणारा वारा. एको पॉइंटवर पोचलो आणि समोर काही नाही! पांढरं धुकं. थ्री सिस्टर्स म्हणजे तीन सुळके, नऊशे मीटरच्या वर उंचीचे, बरोब्बर समोर असायला हवे होते. महाबळेश्वरला पावसाळ्यात कठड्याशी उभं राहिल्यावर दिसतं तेवढंच दिसत होतं. लोक येत, फोटोसाठी हात वर करत आणि हिरमुसून जात. एक आजी मात्र बाकावर बसून होत्या, मांडीवर लोकरीची शाल, शेजारी थर्मास. त्या मला म्हणाल्या, घाई नसेल तर बसा, वारा फिरतोय. आम्हाला घाई नव्हती. त्यांनी चिऊच्या पायांवर शालीचं टोक ओढून घेतलं. त्या तिथून दोन स्टेशनं अलीकडे राहतात, नवरा गेल्यापासून दर शनिवारी येतात. निलगिरीच्या पानांतलं तेल हवेत मिसळतं आणि त्यातून प्रकाश विखुरतो, म्हणून डोंगर निळे दिसतात, हे त्यांनी दादाला समजावलं. त्याने लगेच एक पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि म्हणाला, हा तर सर्दीच्या औषधाचा वास!

चाळीस मिनिटांनी धुकं तळातून फाटलं. आधी दरीतलं रान दिसलं, मग एक सुळका, मग दुसरा. तिसऱ्याच्या टोकाला ढगाची चिंधी अडकून राहिली. पाच-सात मिनिटं तो देखावा होता, मग पुन्हा पांढरं. आजींनी चहा ओतला आणि झाकणातून आम्हाला दिला.

मुलांना मेमध्ये इथे कानटोपी आणि वाऱ्यासाठी जाडसर जाकीट हवंच. स्वेटर पुरत नाही. कॅफेत ‘बेबीचीनो’ मागा. छोट्या कपात दुधाचा फेस आणि वर चॉकलेटची पूड, दीड-दोन डॉलर्सला. मुलं पोटभर खूश होतात. शाकाहारी असाल तर सोबतचा मार्शमॅलो नको म्हणून सांगा, त्यात जिलेटिन असतं.

पाचवा दिवस, रविवार: शेवंती

सर्क्युलर कीच्या धक्क्यावर मॅन्लीच्या बोटीसाठी रांगेत उभे होतो आणि आजूबाजूला सगळीकडे शेवंती. मुलांच्या हातात, बाबांच्या काखेत, बाबागाडीच्या टपावर. मला आधी वाटलं कसला सण आहे. तो मेचा दुसरा रविवार, तिथला मातृदिन होता. शेवंती त्यांच्याकडे याच दिवसांत फुलते, आणि इंग्रजीत तिच्या नावाच्या शेवटी ‘मम’ येतं, म्हणून या दिवशी आईला शेवंती द्यायची पद्धत पडली आहे. आपल्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटावर वाहतो, तीच शेवंती. दादा बाबाच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघं गायब झाले. पाच मिनिटांनी पांढऱ्या शेवंतीचे दोन दांडे घेऊन आले. एक मला आणि एक, दादाच्या म्हणण्यानुसार, “आजीला, तिचे पेढे गेले ना.” ते फूल नाशिकपर्यंत नेता येणार नव्हतं. त्याचा फोटो आजीला पाठवला.

मॅन्लीची बोट अर्ध्या तासाची. बंदराच्या तोंडाशी खुल्या समुद्राच्या लाटा लागतात आणि बोट झोके घेते. पलीकडे लांबच लांब किनारा, काठाला उंच नॉरफोक पाइनची रांग. पाण्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरायचं, हा तिथला नियम कसोशीने पाळा. जीवरक्षक त्या पट्ट्यावरच नजर ठेवून असतात. आम्ही गुडघाभर पाण्यातच होतो, तरी एका जीवरक्षक मुलीने येऊन लाट परत जाताना वाळू पायाखालून कशी ओढली जाते ते दादाला दाखवलं. दुपारी एका कुटुंबाने आमच्या शेजारी चटई टाकली. त्यांच्यातल्या आजोबांनी मला “हॅपी मदर्स डे” म्हणत केकचा तुकडा दिला.

सहावा दिवस, सोमवार

बसने कॅनबेरा, साडेतीन तास. तिकिटं महिनाभर आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात. वाटेत लेक जॉर्ज दिसतं, ज्यात पाणी कधी असतं, कधी नसतं. मुलं झोपली होती. कॅनबेराला उतरलो तर रस्त्यांवर लाल-पिवळ्या पानांचा खच आणि बोचरी थंडी.

सातवा दिवस, मंगळवार: ओकच्या फळांची घरं

सगळ्यात मोठा घोळ इथे झाला. दोन दिवसांसाठी गाडी ठरवली होती, सोबत मुलांसाठी दोन सीट. काउंटरवर एकच सीट निघाली. दुसरी “येते आहे” असं सांगत दीड तास गेला. सात वर्षांखालच्या मुलाला वयानुसार योग्य सीटशिवाय गाडीत बसवणं तिथे बेकायदा आहे, त्यामुळे मांडीवर घेऊन निघू, हा आपला उपाय चालत नाही आणि चालायलाही नको. शेवटी दुसऱ्या शाखेतून सीट आली. मला राग आला होता आणि तो मी लेखी कळवला. तेव्हा तुम्ही सीटची खात्री आदल्या दिवशी फोन करून घ्या, मुलाचं वय आणि वजन सांगून. भारतातून सीट नेऊ नका. तिथे ऑस्ट्रेलियन मानकाचीच सीट चालते. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, आणि इंग्रजीतलं आपलं लायसन्स चालतं.

तिथून नॅशनल आर्बोरेटम, म्हणजे झाडांचं संग्रहालयच. जानेवारी २००३ मध्ये कॅनबेराला भीषण वणवा लागला, त्यात हे डोंगर जळून काळे झाले. त्या राखेवर शहराने जगभरातल्या झाडांची शंभराच्या आसपास वेगवेगळी वनं लावायची ठरवली. २०१३ साली ते लोकांना खुलं झालं. बुचाच्या ओकचं एक वन मात्र त्याहून कितीतरी जुनं, १९१७ सालचं. शहराचा आराखडा करणाऱ्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनच्या काळातलं. त्या झाडांच्या खोडाला हात लावा. साल बोटाने दाबली जाते, बाटलीच्या बुचासारखीच!

पण मुलांसाठी इथलं खरं आकर्षण म्हणजे पॉड प्लेग्राउंड. ओकच्या फळांच्या आकाराची मोठाली लाकडी घरं खांबांवर उभी केली आहेत, टोपीसकट. एकातून दुसऱ्यात जाळीच्या बोगद्यातून जायचं, मग घसरगुंडीने खाली. लहानग्यांसाठी जमिनीलगत बँक्सिया या तिथल्या झाडाच्या बोंडांच्या आकाराची खोपटी. चिऊ एका खोपट्यात शिरली आणि तिथल्या गोल भोकातून डोकं काढून “भॉक” करत राहिली. समोर जो येईल त्याने दचकायचं, असा नेम झाला. एक सुटाबुटातले गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन आले होते, ते सहा वेळा दचकले. प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त पार्किंगला आहेत.

संध्याकाळी चारला वेस्टन पार्क. तळ्याकाठची साधी बाग. तिथे जायला एका माणसाने सुचवलं होतं, कांगारू पाहायला प्राणिसंग्रहालयात पैसे घालवू नका म्हणून. सुरुवातीला एकही दिसेना. मग दादा म्हणाला, “आई, ते दगड हलतायत.” झाडांखाली करडे दगड वाटत होते ते सगळे कांगारू. तीस तरी असतील. आम्ही गवतावर बसून राहिलो. एक मादी पुढचे हात टेकवून, मग शेपटीवर भार देऊन, मग मागचे पाय पुढे ओढत चरत आली. शेपूट तिचा पाचवा पायच! तिच्या पोटाच्या पिशवीतून आधी एक कान आला, मग थोबाड, आणि त्या पिल्लाने बाहेर न येताच वाकून गवत खाल्लं. आई चरते आहे, तिच्या पोटातून लेकरूही चरतंय. दादा कुजबुजत म्हणाला, “चिऊपण अशीच तुझ्या ताटातलं खाते.”

जवळ जायचं नाही, खायला घालायचं नाही, दहा-पंधरा पावलं लांबच बसायचं. परतताना गाडी अगदी सावकाश चालवा, तिन्हीसांजेला कांगारू अचानक रस्त्यावर येतात.

आठवा दिवस, बुधवार: आकाशाचा कान

सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. गाडीने टिडबिनबिला अभयारण्याकडे, पाऊण तास. इथे प्रवेश फी गाडीमागे असते, माणशी नाही, त्यामुळे चौघांना परवडते. निलगिरीच्या राखीव भागात चालताना कोआला दिसला. फांदीच्या बेचक्यात गोळा होऊन झोपलेला. अर्ध्या तासात त्याने एकदा कूस बदलली आणि आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला.

त्याच रस्त्यावर नासाचं डीप स्पेस केंद्र आहे, दूरच्या अंतराळयानांशी संपर्क ठेवणारं, पाहायला मोफत. सत्तर मीटर व्यासाची अवाढव्य अँटेना. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर २ यान अजून सूर्यमालेबाहेर चाललं आहे, आणि त्याला आज्ञा पाठवू शकेल अशी जगात ही एकच अँटेना. आपल्या चांद्रयान-३लाही नासाच्या अशा अँटेनांच्या जाळ्याची साथ होती. तिथल्या स्वयंसेवक काकांना हे सांगितलं, तर ते चट्कन म्हणाले की उतरणं यशस्वी झालं तेव्हा त्यांनी घरी टाळ्या वाजवल्या होत्या. आत काचेखाली चंद्रावरून आणलेला दगड आहे. दादाने काचेला नाक लावलं ते काढेचना. मग बाहेर येऊन त्याने अँटेनाला हात केला, व्हॉयेजरला निरोप म्हणून. आम्ही आहोत तोवर ती हळूहळू वळली, इतकी हळू की ढगांकडे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. दादाची खात्री पटली की तिने ऐकलं.

नववा दिवस, गुरुवार

सकाळी पार्लमेंट हाऊसची धावती फेरी, तीही मोफत. छतावर हिरवळ आहे आणि लिफ्टने वर जाता येतं. मग बसने सिडनी.

खर्चाचं विचारणारे बरेच आहेत, म्हणून सांगते. विमानं एक लाख पंच्याऐंशी हजार, व्हिसा चव्वेचाळीस हजार, नऊ रात्रींचं राहणं सत्तर हजार, आणि बस, गाडी, किराणा, विमा सगळं मिळून पंचावन्न हजार. चौघांचे साडेतीन लाखांच्या थोडे वर. बाहेर जेवलो तीनदाच. पाहण्याच्या जागांवर गेलं ते फक्त टिडबिनबिलाचं गाडीचं शुल्क आणि आर्बोरेटमचं पार्किंग.

उरलेली भाजी संपवायला म्हणून मी संध्याकाळी पावभाजी केली, आणि डबा घेऊन पॅरामॅट्टा पार्कात गेलो. शेवटची संध्याकाळ होती. हॅरिस पार्कच्या दुकानातल्या त्या मुलीला बोलावलं होतं. ती आली, आणि चिऊला मांडीवर घेऊन तिने तिला मऊ पाव भाजीत बुडवून भरवला. तिने सांगितलं, थोडं थांबा, नदीकडे बघत राहा.

पाच वाजून गेले. आधी झाडांतून कलकलाट आला. मग एक वटवाघूळ उडालं, मग पाच, मग मोजणं सोडून द्यावं लागलं. हातभर लांब पंख, करड्या डोक्याची, फळं खाणारी वटवाघळं. आभाळ अजून केशरी होतं आणि त्यावर ती संथ पंख मारत आमच्या डोक्यावरून शहराकडे चालली होती. दुकानातली मुलगी म्हणाली, अभ्यासाने डोकं उठलं की ती इथे येऊन बसते.

चिऊने भाजीने माखलेलं बोट वर केलं. “काऊ!”

“काऊ नाही गं,” दादा म्हणाला, “वटवाघूळ.”

तिने तोंडातला घास गिळला, पुन्हा वर पाहिलं आणि नीट विचार करून म्हणाली, “वाघ.”